पऱ्हाटीच्या मुलखातून ताजकडे पाहताना

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक अपोलो बंदरापासून सुरुवात करतात. समुद्र, घुमट, परदेशी आगबोटीतून उतरणारे प्रवासी आणि १६ डिसेंबर १९०३ ही उद्घाटनाची तारीख, असा त्या कथेचा ठरलेला क्रम आहे. मी हिंगणघाटच्या परिसरात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांच्या मध्ये वाढले, म्हणून की काय, मला ती कथा नागपूरच्या जुम्मा तलावापासून सुरू होते असे वाटते. या तलावालगतच्या दलदलीच्या जमिनीत भर घालून जमशेटजी टाटांनी एक कापड गिरणी उभी केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले त्याच दिवशी, तिचे यंत्र सुरू केले. एम्प्रेस मिल हे नाव त्या दिवसाचे आहे. पुढे जगभर पसरलेल्या हॉटेलांच्या साखळीचा पहिला दुवा ज्या माणसाने घडवला, त्याची उद्योजक म्हणून खरी ओळख या गिरणीने करून दिली.

गिरणी मुंबईत न काढता नागपुरात काढण्याचा निर्णय त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटला होता. मुंबईत भांडवल होते, बंदर होते, कुशल कामगार होते. जमशेटजींचा हिशेब मात्र वेगळा होता. कापूस वऱ्हाडात आणि वर्धा खोऱ्यात पिकतो, कोळसा वरोऱ्याला निघतो, रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेली आहे. मग कापसाच्या गठाणी मुंबईला नेऊन तिथले सूत पुन्हा मध्य प्रांतात विकायला आणण्यात काय अर्थ, असा तो विचार होता. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर कंपनी स्थापन झाली. नागपुरातल्या एका सावकाराने कर्ज द्यायला नकार दिला, हा माणूस सोने मातीत घालतो आहे असे तो म्हणाला, आणि पुढे त्यानेच कबूल केले की या माणसाने माती घातली आणि सोने काढले, अशी हकीकत जमशेटजींच्या चरित्रांतून येते. ती वाचताना मला आमच्या गावातले, कापसाच्या बंड्या घेऊन बाजारात रात्र काढणारे जुने शेतकरी आठवतात. त्यांच्या सरकीसकट मोजून दिलेल्या कापसाचे पुढे नेमके काय होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण त्या कापसाच्या सुतावरच एका मोठ्या उद्योगाचा पाया बसत होता.

एम्प्रेस मिलच्या व्यवस्थापनासाठी जमशेटजींनी बेझनजी दादाभाई या रेल्वेतल्या माणसाला आणले. बेझनजींना कापड गिरणीचा अनुभव नव्हता. माणूस कष्टाळू, सचोटीचा आणि शिकणारा आहे, एवढे जमशेटजींना पुरेसे वाटले. यंत्रांची बाजू सांभाळायला जेम्स ब्रुक्सबी हे तंत्रज्ञ होते. गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारे बसवले गेले, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्याची पद्धत आली. कायद्याने यातले काहीही त्या वेळी बंधनकारक नव्हते. मी या तपशिलांवर रेंगाळते आहे, कारण आधी माणसाचा स्वभाव पाहावा आणि कसब त्याला नंतर शिकवावे, ही रीत मला पुढे ताजच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते, आणि तिचा उगम मला नागपुरातल्या या गिरणीत सापडतो.

हॉटेल बांधण्याचे कारण म्हणून एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात जमशेटजींना हिंदी म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून ताज उभे राहिले, असे सांगितले जाते. अभ्यासकांनी या गोष्टीविषयी शंका घेतलेली आहे, आणि मलाही ती फार सोपी वाटते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, शहराची अब्रू गेली, बाहेरचे लोक तिथे यायला धजेनात. आपल्या शहराला पुन्हा मान मिळावा म्हणून त्यांनी ही इमारत उभारली, हे स्पष्टीकरण त्यांच्या एकूण स्वभावाशी अधिक जुळते. लोखंडाचा कारखाना, विज्ञानसंस्था आणि जलविद्युत या तीन मोठ्या योजना डोक्यात असताना हा माणूस हॉटेल बांधायला निघाला, तेव्हा घरातूनच विरोध झाला. विज्ञानसंस्था काढतोस, लोखंडाचा कारखाना काढतोस आणि आता भटारखानाही काढणार का, असे त्यांच्या बहिणीने विचारल्याचे सांगतात.

त्या भटारखान्याचे आराखडे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केले आणि काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्णत्वाला नेले. या भव्य वास्तूच्या आराखड्यावर एका मराठी माणसाचे नाव आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी बोलली जाते. सामानसुमानाची खरेदी जमशेटजींनी स्वतः युरोपात फिरून केली. नाचघराचा भार पेलणारे लोखंडी खांब पॅरिसहून आले, उद्वाहने जर्मनीची, पंखे अमेरिकेचे. विजेच्या दिव्यांनी उजळणारी मुंबईतली ही पहिली इमारत ठरली. उद्घाटनाच्या वेळी उतरलेले पाहुणे अवघे सतरा होते असे सांगतात. मे १९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले, म्हणजे आपले हॉटेल चालताना पाहायला त्यांना जेमतेम काही महिने मिळाले. समोरचे गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हतेच. ते १९२४ मध्ये खुले झाले. आज छायाचित्रात दोन्ही वास्तू एकत्र दिसतात म्हणून हॉटेल त्या कमानीच्या आधाराने उभे राहिले असे वाटते, पण प्रत्यक्षात हॉटेल आधीपासून तिथे होते.

त्यानंतरची जवळजवळ सत्तर वर्षे मला या इतिहासातली सर्वांत विचार करायला लावणारी वाटतात, कारण त्या काळात साखळी नव्हतीच. एकच हॉटेल होते. पहिल्या महायुद्धात त्याचे सहाशे खाटांचे रुग्णालय झाले. संस्थानिक आले, गेले. देश स्वतंत्र झाला. आणि या सगळ्या काळात वाढण्याची घाई कोणी केली नाही. दोन-तीन पिढ्यांचे खानसामे, वाढपी आणि दरवान त्याच इमारतीत घडत राहिले. आजच्या उद्योगाच्या भाषेत याला कदाचित साचलेपण म्हणतील. मला ते तसे वाटत नाही. एका जागी इतका काळ मुरलेले काम पुढे दहा ठिकाणी नेता येते, कारण ते नेणारी माणसे तयार झालेली असतात.

ते पुढे नेण्याचे काम अजित केरकर यांनी केले. केरकर १९९७ पर्यंत या कंपनीचे प्रमुख होते, आणि आज आपण ज्याला ताजची साखळी म्हणतो ती बहुतांशी त्यांच्या काळात गुंफली गेली. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. मोठमोठे राजवाडे सांभाळणे त्यांच्या मालकांना जड जात होतेच, आता ते अशक्य होऊ लागले. उदयपूरचा लेक पॅलेस १९७१ मध्ये आणि जयपूरचा रामबाग पॅलेस १९७२ मध्ये ताजच्या व्यवस्थापनाखाली आला. रामबागचे हॉटेल तसे १९५७ मध्येच झालेले होते, पण हॉटेल चालवणे हा ज्यांचा पूर्णवेळचा व्यवसाय आहे अशा हातांत ते आता आले. जुने वाडे, जुने नोकर आणि जुन्या चालीरीती यांना नव्या शिस्तीत बसवण्याचा हा प्रयोग जगात इतरत्रही झाला असेल, पण आपल्याकडे त्याने वारसा जपण्याचा एक व्यवहार्य मार्ग दाखवला. मुंबईत मूळ इमारतीशेजारी नवा मनोरा उभा राहिला. १९७४ मध्ये गोव्यात आग्वाद किल्ल्याजवळ समुद्रकाठचे हॉटेल आणि मद्रासला कोरोमंडल, १९७८ मध्ये दिल्लीला ताजमहाल, आणि दशकभराने कोलकात्यात ताज बेंगाल, असा तो विस्तार होत गेला.

विदर्भातल्या वाड्यांचे काय, हा प्रश्न हे वाचताना माझ्या मनात येतोच. आमच्याकडे राजस्थानसारखे जलमहाल नाहीत, पण भोसल्यांच्या काळातल्या गढ्या आहेत, वऱ्हाडातल्या देशमुखांचे आणि मालगुजारांचे सागवानी खांबांचे चिरेबंदी वाडे आहेत. त्यांतले कितीतरी आज ढासळत आहेत आणि त्यांचे सागवान किलोच्या भावाने विकले जात आहे. उदयपूर आणि जयपूरच्या राजवाड्यांना जे वेळेवर मिळाले, त्याची लहानशी आवृत्तीही आमच्या गढ्यांच्या वाट्याला आली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परदेशातले पहिले पाऊल लंडनला किंवा न्यूयॉर्कला पडले असेल असा अनेकांचा समज असतो. ते पडले येमेनच्या साना शहरात, १९८० मध्ये, ताज शेबा या नावाने. त्यानंतर लंडनमध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या परिसरातले सेंट जेम्स कोर्ट आले, आणि १९८२ मध्ये त्याच शहरात बॉम्बे ब्रासरी हे उपाहारगृह सुरू झाले. लंडनच्या लोकांना तोवर भारतीय जेवण म्हणजे स्वस्तातली, एकाच रंगाची करी एवढेच ठाऊक होते. निरनिराळ्या प्रांतांचे, घराघरांतले पदार्थ मानाच्या टेबलावर मांडता येतात, हे बॉम्बे ब्रासरीने त्यांना दाखवले. माझ्या मते ताजचा परदेशातला खरा प्रवेश इमारतींपेक्षा या स्वयंपाकघरातून झाला. कोलंबोत ताज समुद्र आणि मालदीवच्या बेटांवरची हॉटेले, पुढे भूतानमध्ये थिंफूचे ताज ताशी, हे शेजारचे देश तुलनेने सहज जुळले.

पश्चिमेकडची मोठी झेप मात्र २००५ नंतरची आहे. न्यूयॉर्कच्या पाचव्या अॅव्हेन्यूवरचे द पियर हे जुने, प्रतिष्ठित हॉटेल २००५ मध्ये ताजकडे चालवायला आले. बॉस्टनचे रिट्झ-कार्लटन सुमारे सतरा कोटी डॉलरना विकत घेतले गेले, सॅन फ्रान्सिस्कोचे कॅम्पटन प्लेस घेतले गेले, सिडनीच्या धक्क्यावरचे एक हॉटेल आले आणि २०१० मध्ये केप टाउनच्या जुन्या बँकेच्या इमारतीत ताज उघडले. याच काळात ओरिएंट-एक्स्प्रेस हॉटेल्स या नामांकित कंपनीचे समभाग घेण्यात आले, आणि भारतीय साखळीशी नाते जोडल्याने आमच्या नावाची किंमत कमी होईल, अशा आशयाचे उत्तर तिकडून आले. जमशेटजींच्या अपमानाची गोष्ट खरी असो वा नसो, हा अपमान तरी कागदावर झालेला आहे. २०१२ मध्ये संपूर्ण कंपनी घेण्याचा प्रस्तावही फेटाळला गेला आणि पुढच्या वर्षी तो नाद सोडून देण्यात आला. सिडनीचे हॉटेल २०१४ मध्ये विकले गेले, बॉस्टनचे २०१६ मध्ये साडेबारा कोटी डॉलरना, म्हणजे खरेदीपेक्षा कितीतरी कमी किमतीला. त्यानंतर कंपनीने इमारती विकत घेण्याऐवजी दुसऱ्यांच्या इमारतींचे व्यवस्थापन करण्यावर भर दिला. दुबईसारख्या ठिकाणी तिचा नंतरचा विस्तार बराचसा याच वाटेने झाला.

या चढउताराकडे कापूस पिकवणाऱ्या मुलखातून पाहताना मला तो अनोळखी वाटत नाही. १८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. युद्ध संपले आणि १८६५ मध्ये ते भाव कोसळले. मुंबईतल्या अनेक पेढ्या त्यात बुडाल्या, आणि टाटा घराण्यालाही त्याची झळ बसली. लिव्हरपूलच्या बाजारात काय घडते यावर आमच्या आजोबा-पणजोबांच्या घरातली चूल अवलंबून होती. जागतिक बाजार हा शब्द खेड्यात नंतर आला, पण त्याचा फटका आधीच येऊन गेलेला होता. फरक इतकाच की कंपनी तोटा सोसून धोरण बदलू शकते. कोरडवाहू शेतकऱ्याला ती मोकळीक नसते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या ताजवर झालेल्या हल्ल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या हॉटेलात एकतीस जणांचा जीव गेला, आणि त्यांत सुमारे एक तृतीयांश हॉटेलचेच कर्मचारी होते. मागची दारे माहीत असूनही ते पळाले नाहीत. पाहुण्यांना बाहेर काढताना स्वयंपाकघरातली माणसे गोळ्यांच्या आणि पाहुण्यांच्या मध्ये उभी राहिली. हॉटेलचे महाव्यवस्थापक करमबीर सिंग कांग यांची पत्नी आणि दोन मुले वरच्या मजल्यावर मृत्युमुखी पडली, तरीही ते कामावर उभे राहिले. जळलेला भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

ही माणसे अशी का वागली, याचा शोध हार्वर्डच्या एका प्राध्यापकांनी घेतला, आणि त्यांच्या अभ्यासातल्या काही गोष्टी मी कितीदा तरी वाचल्या आहेत. ताज आपले कनिष्ठ स्तरावरचे कर्मचारी महानगरांतून घेण्यापेक्षा लहान शहरांतून आणि निमशहरी भागांतून घेणे पसंत करते, असे त्यांना आढळले. निवड करताना तीन गोष्टी पाहिल्या जातात: वडीलधाऱ्यांविषयी आदर, प्रसन्न वृत्ती आणि गरज. प्रशिक्षण या व्यवसायात सर्वसाधारणपणे बारा महिन्यांचे असते, ते इथे अठरा महिन्यांचे आहे. एका दिवसात एका पाहुण्याचा कर्मचाऱ्यांशी चाळीस ते पंचेचाळीस वेळा संबंध येतो, आणि त्या प्रत्येक वेळी तिथे साहेब नसतो. म्हणून निर्णय त्या मुलाने किंवा मुलीने स्वतःच, पाहुण्याच्या बाजूने घ्यायचा, असे शिकवले जाते. बेझनजींची निवड आठवली म्हणजे या रीतीचे वय लक्षात येते.

तिसऱ्या निकषापाशी, गरजेपाशी, मी दर वेळी थांबते. ज्या घराला पगाराची निकड आहे त्या घरातले मूल टिकून राहते, जीव लावून काम करते, हे खरेच आहे. पण आमच्या भागात गरजेचा तुटवडा कधीच नव्हता. एका पावसाने दगा दिला, बोंडअळी आली, आडत्याचे देणे थकले की घराघरांत गरज उभी राहते. माझी भाची अशाच एका घरातली. तिने नागपुरातल्या एका संस्थेत हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आणि आज ती दुसऱ्या एका मोठ्या हॉटेलात काम करते. सुरुवातीच्या दिवसांत तिला काय अवघड गेले हे मी विचारले, तेव्हा तिने इंग्रजीचे नाव घेतले नाही. ती म्हणाली, “मावशी, आपल्या घरी पाहुणा आला की आपण खाली मान घालतो. इथं पाहुण्याच्या डोळ्यांत पाहून बोलायला शिकवतात. ते मला सगळ्यात जड गेलं.”

तिच्या या वाक्याने मला आमच्या पाहुणचाराकडे नीट पाहायला भाग पाडले. वऱ्हाडातला पाहुणचार मोठा आहे यात मला शंका नाही. दारात कोणी आले की “या ना जी, बसा” म्हणून आधी पाणी पुढे येते, आणि घरात काही नसले तरी शेजारून वाटीभर डाळ आणून पाहुण्याचे ताट भरते. पण हा पाहुणचार सगळ्यांसाठी सारखा नव्हता. कोणाला ओसरीवर बसवायचे, कोणाला अंगणातच थांबवायचे आणि कोणाची कपबशी वेगळी ठेवायची, हे आमच्या गावात मी लहानपणी पाहिले आहे, आणि ते पूर्ण संपले असे आजही म्हणता येत नाही. त्या पार्श्वभूमीवर आत येणाऱ्या प्रत्येकाची जात न विचारता त्याला सारख्याच आदराने वागवण्याची, आणि वागवणाऱ्यानेही मान ताठ ठेवण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. तिथे पैशाची भिंत आहे, हे मी विसरत नाही. त्या दारातून आत जाण्याची ऐपत आमच्यापैकी फार थोड्यांची आहे. तरीही माझ्या भाचीला तिच्या आजीने कधी अनुभवला नसेल असा बरोबरीचा पाठ तिथल्या प्रशिक्षणात मिळाला, आणि गावी आल्यावर ती आता घरी येणाऱ्या कोणालाही ओसरीवरच बसवते. तिच्या वडिलांनी सुरुवातीला नाराजी दाखवली. आता ते स्वतःच सतरंजी अंथरतात.

ताजची साखळी आमच्या सीमेवरही आलेली आहे. पेंचच्या जंगलात, मध्य प्रदेशच्या बाजूला, तुरियाच्या दाराजवळ बाघवन हे तिचे बारा बंगल्यांचे निवासस्थान आहे. देशोदेशीचे पाहुणे नागपूरच्या विमानतळावर उतरतात आणि तिथून मोटारीने सरळ जंगलाकडे जातात. नागपूर जिल्ह्यातल्या आणि ताडोब्याच्या भोवतालच्या जंगलगावांतली किती तरी मुले आज अशा पर्यटनावर चालक, वाटाडे, आचारी म्हणून उभी आहेत. वाघ कुठल्या नाल्याने गेला असेल हे त्यांना बापजाद्यांपासून कळते. पाहुण्याशी कसे बोलावे हे त्यांतल्या काहींना कोणीतरी बसवून शिकवले, आणि बाकीचे अनुभवातून चुकतमाकत शिकत आहेत.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये टाटांच्या हातून राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर आज व्यापारी संकुल आहे. तिथे काम केलेल्या हजारो घरांतली मुले इतरत्र पांगली. कापसावर प्रक्रिया करणारा उद्योग आमच्याकडून गेला आणि कापूस मात्र राहिला. आता पाहुणचाराचा उद्योग आमच्या जंगलांपर्यंत येत असताना तेच पुन्हा घडू नये, असे मला तीव्रतेने वाटते. रामटेक, चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोली या भागांत राहण्या-जेवण्याची सोय असलेली, फी न घेणारी आणि शिकतानाच थोडा भत्ता देणारी प्रशिक्षण केंद्रे निघाली पाहिजेत. त्यांत वर्षभर नव्हे तर दीड वर्ष शिकवले पाहिजे, आणि तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना केवळ ताटे उचलण्यापुरते न ठेवता पुढे व्यवस्थापक होण्याची वाट मोकळी ठेवली पाहिजे. भाचीला मी हे सांगितले तेव्हा तिने लगेच हिशेब मांडायला घेतला: एका तुकडीत किती मुले असावीत, स्वयंपाकघर केवढे लागेल आणि इंग्रजी शिकवायला कोण येईल. रामटेकला तिच्या एका मैत्रिणीच्या वडिलांची जागा रिकामी आहे, ती पाहायला आम्ही दिवाळीनंतर जाणार आहोत.